आम्ही बेक, कच्चं मीठ खात नाही

२ सप्टेंबर
गुमल्याचा डॉक्टर म्हणतो प्रेशर एकशे ऐंशी, मीठ बंद. त्याला सुनावलं, आम्ही बेक कुळाचे. बेक म्हणजे मीठ. मीठच आमचा पूर्वज. चौसष्ट वर्षांत पानावर कच्चं मीठ घेतलेलं नाही. शिजलेलं चालतं, तेवढाच आमचा नियम. त्याने तरी चिठ्ठीत लिहिलंच. मशीन बिघडलेलं असणार.

३ सप्टेंबर
बंधनच्या आईने, म्हणजे माझ्या पुनईने, फुटकलच्या कोवळ्या पानांचा साग अळणी केला. मी म्हणालो, पूर्वजालाच घराबाहेर काढतेस? ती म्हणाली, पूर्वज दमलेत, थोडे दिवस विश्रांती घेऊ देत. स्वतः मात्र माझ्यासमोर बसून मीठ-मिरची कुटून खाल्ली. तिचं कूळ तिर्की, म्हणजे उंदीर. उंदरांना काय कळणार?
निश्चय: वाकणार नाही.

५ सप्टेंबर
नवाखानीला, नव्या भाताच्या सणाला, पोरांना कुळाचे नियम सांगायला मला बोलावलंय. नियम एकदाही न मोडलेला गावात मीच, असं वडीलधारे मंगरा काका म्हणाले. खरंच आहे.

७ सप्टेंबर
गोगलगायींचा रस्सा. अळणी! गोगलगायी फुकट मेल्या.

८ सप्टेंबर, सकाळ
उपाय सापडला. पुनई शेतात गेल्यावर चमचाभर मीठ तव्यावर भाजलं. भाजलेलं ते कच्चं नव्हे. साल झाडाच्या पानात बांधून कमरेला खोचलं; जेवताना चोरून चिमूटभर घ्यायचं. नियम शाबूत, डॉक्टर चीत.

९ सप्टेंबर
भाजायला वेळ मिळाला नाही. उन्हात ठेवलं. ऊन म्हणजे आचच.

१० सप्टेंबर
आभाळ आलंय. कमरेच्या उबेतही मीठ थोडंफार शिजतंच. डोकं जड आहे; हवा वाईट.

१२ सप्टेंबर, नवाखानी
पूर्वजांना नव्या भाताचा चुडा, म्हणजे पोहे, वाहिले. मग मी उभा राहिलो. फार छान बोलत होतो. 'जीभ गेली तरी चालेल, पण नियम...' इथपर्यंत आलो आणि कुणाचीतरी शेळी मागून येऊन माझी कंबर चाटायला लागली. हाकलली, तर धोतरच ओढलं तिने. पुडी फुटली. मीठ सगळ्यांच्या पुढ्यात.
कुणी हसेना. मंगरा काकांनी विचारलं, सुकरा, हे काय?
मी धोतर सावरत होतो. पुनई पुढे आली. म्हणाली, शेळ्यांचं मीठ आहे, मीच ठेवायला दिलं होतं ह्यांच्याकडे. सगळ्यांना पटलं. उलट मला शाबासकी, की जवळ असून तोंडात टाकलं नाही. मी भाषण पुरं केलं. माघार मला माहीत नाही.

संध्याकाळ
घरी आलो. चुलीपाशी बसल्यावर पुनई म्हणाली, बंधनचे बाबा, आज मी पूर्वजांच्या देखत खोटं बोलले. आता निदान जगा तरी.
मग रडली. चाळीस वर्षांत तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.
साग अळणीच होता. अजिबात चव नव्हती. दोनदा मागून घेतला.