ट्रॅक्टरविना चिपर

१७ सप्टेंबर, स्मृति नगर
विश्वकर्मा पूजा. आज हत्याराला हात लावायचा नाही. चिपरला हार घातला, नारळ फोडला. धाकट्या भावाने गावाकडचा ट्रॅक्टर विकला आणि त्यामागे जोडायचं हे फांद्या बारीक करायचं मशीन माझ्या अंगणात आणून टाकलं. कुसुम म्हणाली, "ट्रॅक्टर नाई, अन् मशीन कायले ठेवून राहिले?" म्हटलं, याला स्वतःचं इंजिन बसवणार. हसली. हसता हसता खोकला लागला.

१९ सप्टें.
थंडी पडली की कॉलनीत छाटलेल्या फांद्या नि पाला जाळतात. धुराने हिचा दमा उसळतो. मग हिवाळाभर नागपूरला, लेकीकडे. मला घर खायला उठतं. यंदा फांद्या आपणच मागून आणायच्या, चुरा करून झाडांच्या बुडाशी टाकायचा. जाळायला काही उरलंच नाही तर धूर कुठला? मग ही इथेच.

२ ऑक्टो.
सुपेल्याच्या बाजारातून पंपाचं जुनं डिझेल इंजिन आणलं. ईश्वर वेल्डरने फ्रेम केली. चिपरच्या बाजूला इंजिन, मध्ये पट्टा. झकास. शेजारचे वानखेडे कुंपणावरून, "काकाजी, उडून नाई ना जाणार?" बघतीलच.

८ ऑक्टो.
फजिती. इंजिन पहिल्या हँडलला सुरू. पट्टा धावला, पाती फिरली, पण उलटी. फांदी कापायचं सोडून नुसती थरथरते. सवयीने ओरडलो, "दोन वायर बदल!" स्टील प्लांटच्या मोटर शॉपात, विजेच्या मोटरी दुरुस्त करण्यात जन्म गेला. मोटर उलटी फिरली की दोन वायरींची अदलाबदल, संपलं. त्यामुळे इंजिन कोणीकडे फिरतं हे आधी बघायचं डोक्यातच आलं नाही. डिझेलला कुठल्या वायर! कुसुम पायरीवरून, "बदला ना मंग! कावून थांबले?" ईश्वर पोट धरून हसला. रागाने चहा घेतला नाही. नंतर घेतला.

९ ऑक्टो.
सुचलं. इंजिनच फिरवून बसवायचं, इकडचं तोंड तिकडे. पुली दुसऱ्या टोकाला. मग पाती सुलट. ईश्वर: "भैया, पूरा फ्रेम ला काटे बर परही." म्हटलं, अख्खी फ्रेम कापावी लागली तर काप.

२५ ऑक्टो.
सणामुळे ईश्वर बेपत्ता. फ्रेम अर्धी कापलेली. लेकीचा फोन, आईचं पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं. कुसुम बॅग भरू लागली. फार वाईट वाटलं.

१० नोव्हें.
चाललं!! ईश्वर सण आटोपून परतला, इंजिन फिरवून बसवलं. कडुनिंबाची मनगटाएवढी फांदी आत, चुरा बाहेर. पट्ट्यावर जाळी लावली. वानखेडे आपणहून हातगाडीभर आंब्याच्या फांद्या घेऊन आले. "काकाजी, आमच्याही घ्या." घेतल्या. कुसुमने त्यांना चहा दिला, साखर जास्त.

१३ नोव्हें.
गारठा. मागच्या गल्लीत कुणीतरी पाला पेटवलाच. जाऊन विझवला, उरलेला गाडीत भरून आणला. सगळी कॉलनी एका दमात कशी ऐकेल? उद्या घरोघरी सांगून येतो.
कुसुमला विचारलं, तिकीट रद्द करू?
"पाहू."
बॅग दाराशी भरलेलीच आहे. पण संध्याकाळी तिने ती उघडून स्वेटर काढला, अंगात घातला आणि पायरीवर जाऊन बसली.