मापाची मूठ

आत्या, तुला सांगायचंय ते एका खोक्यापासून सुरू होतं, आणि ते खोकं काय असतं हे आधी सांगायला हवं. सबवूफर म्हणतात त्याला. आवाजातला फक्त खालचा, जाड भाग काढणारा स्पीकर, लाकडी पेटीत बसवलेला. मी घेतला तो अगदी स्वस्तातला. दादा आणि मी घरात व्हिडिओ गेमचं उभं कपाट बनवतोय, अलिबागला एसटी स्टँडजवळच्या दुकानात असायचं तसं. तुला ते दुकान आठवत असेल. आम्ही बाजारातून गायब झालो म्हणून तू शोधत आलीस, हातात पांढऱ्या कांद्याची माळ. आता कान पिळणार म्हणून आम्ही दोघं अंग चोरून उभे. तू मात्र कपाटाजवळ गेलीस, त्याच्या कुशीवर पंजा ठेवलास आणि दुकानदाराला विचारलंस, "आत कोन कांडतंय रं?" तो हसायला लागला. तू हसली नाहीस. हात तसाच ठेवून उभी राहिलीस, आणि मग मलाही हात ठेवायला लावलास. पंज्यातून खांद्यापर्यंत ढब ढब चढत होतं. कान पिळायचे राहूनच गेले.

तेच ढब ढब मला आमच्या कपाटात हवं होतं. पण विकतची पेटी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात मावेना, दोन बोटं उंच निघाली. दादा म्हणाला, "वरून काप आणि बसव." असं करून चालत नाही. पेटीच्या आत जेवढी हवा असते तेवढ्या हवेसाठी तो स्पीकर बेतलेला असतो. पेटीचा आकार बदलला तरी चालेल, आतली जागा तेवढीच राहिली पाहिजे. आणि ती जागा मोजायची कशी? आत वाकडेतिकडे ठोकळे, गोल कोपरे, पट्टी कुठे लावणार? मी दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी माळ्यावर चढले आणि तुझं धान्य मोजायचं माप काढलं.

स्पीकर आणि मागची सर्किटची पाटी सोडवली, भोकं बंद केली, पेटी उताणी ठेवली आणि तांदूळ ओतायला लागले. तोंडातून आपोआप निघालं, "लाभ". मग दोन, तीन. दादा दारात उभा होता. "अजून लाभच? गुरुजींनी उभं केलेलं विसरलीस का?" विसरेन कशी? शाळेत जायच्या आधी तूच मला वाल मोजत मोजत आकडे शिकवलेस, आणि पहिलं माप लाभ, एक म्हणायचं नाही, हेही शिकवलंस. शाळेत पहिल्याच दिवशी गुरुजींनी अंक म्हणायला सांगितले आणि मी सगळ्या वर्गासमोर खणखणीत आवाजात "लाभ, दोन, तीन" म्हणाले. रडत घरी आले तर तू म्हणालीस, "तुझं बरोबर हाय. त्यांच्याकडं मोजायला वाल न्हाईत, म्हनून ते एक म्हंतात."

पेटीत बरोबर पाच मापं मावली. मापावर दोन लिटरचा शिक्का अजून वाचता येतो, म्हणजे दहा लिटर. मग मी प्लायची नवी पेटी केली, बसकी. आतून पंचवीस, वीस आणि वीस सेंटिमीटर, म्हणजे दहा लिटर. वायरी लांबवल्या, सर्किट गरम होतं म्हणून पेटीच्या बाहेर घेतलं. सगळं चिकटवायच्या आधी खात्री करावी म्हणून नव्या पेटीतही तांदूळ ओतले. माझा स्वभाव तुला माहीत आहे, दाराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते. पाच मापं झाली आणि तरी पेटी भरेना. पाव मापाची जागा उरली.

पट्टीनं पुन्हा मोजलं. पट्टी बरोबर होती. मग मी तुझं माप स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी ओतलं. दोन किलो व्हायला हवं होतं. झालं एक किलो नऊशे ग्रॅम. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

दादा म्हणाला, "घ्या! म्हणजे आत्यानं सगळ्या गावाला शंभर शंभर ग्रॅमला गंडवलं." तो गमतीत म्हणाला, मला मात्र ते गमतीचं वाटेना. आपल्या ओटीवर तू वाल आणि तांदूळ मोजून द्यायचीस आणि माणसं पिशवीत बघतसुद्धा नसत, इतका तुझ्यावर विश्वास. मला खोटं बोलू नये हे तू शिकवलंस. नवव्या वर्षी मी शेजारच्या काकीला तीन मापं वाल मोजून दिले आणि प्रत्येक मापावर तू घालायचीस ती मूठ घालायला विसरले. काकी फाटकापर्यंत पोचली होती. तू तिला मागे बोलावलंस, तीन मुठी तिच्या पिशवीत टाकल्यास आणि तिच्यादेखत मला म्हणालीस, "माप भरलं म्हंजे झालं न्हाय. मूठ तुझी न्हाय, मापाची हाय. ती ठेवायची न्हाय." मला वाटलं होतं, केवढी ही उदार. आता वाटायला लागलं, उदारपणा दाखवायला मूठ आणि खाली माप मारलेलं?

पाणी ओतून टाकलं आणि माप उजेडात धरलं. आत हात घातला. तळ मध्येच वर आलेला होता, उथळ वाटी पालथी घातल्यासारखा. त्यावर बोट फिरवलं आणि सगळं आठवलं. आठवलं म्हणणंही पूर्ण खरं नाही. ते कुठे आहे ते मला माहीत होतं, तिकडे मी जात नव्हते, इतकंच.

मग माझ्या मुठीत मावले तेवढे तांदूळ पेल्यात ओतले, तिथे खूण केली, तांदूळ काढून खुणेपर्यंत पाणी भरलं आणि ते काट्यावर मोजलं. माझी मूठ शंभर मिलिलिटरला जरा कमी पडली. तुझा हात मोठा होता.

संध्याकाळी काकी कपाट बघायला आली. आता तिला नीट दिसत नाही, पण कुठे काय चाललंय हे सगळं हवं असतं. माप पाहून तिनं ते ओळखलं, हातानंच. मी विचारलं, "काकी, आत्या पहिल्यापासून वर मूठ घालायची का गो?"

"न्हाय गो. तू पयलीत-दुसरीत असशील, तवापासून. मी तिला बोलले पन, नवं माप घे, न्हाय तर ठोकून तरी घे, किती दिस मुठी वाटशील? तर म्हनते कशी, ज्यानं चेपून बसवलंय तो येऊन सांगंल, मग ठोकीन." काकी हसली. "सांगाया कोन आलं न्हाय वाटतं."

मी तिला चहा दिला.

पेटीचं काम तसं सोपं निघालं. पाच मापं म्हणजे साडेनऊ लिटर, म्हणून नव्या पेटीत अर्ध्या लिटरएवढा लाकडी ठोकळा चिकटवला आणि मग झाकण बसवलं. दादा म्हणतो, त्या अर्ध्या लिटरनं कोणालाही फरक कळला नसता. नसेलही. काल पहिल्यांदा कपाट सुरू केलं तेव्हा मी समोर उभी राहिले नाही. बाजूला जाऊन कुशीवर पंजा ठेवला. कांडत होतं कोणीतरी, अगदी तसंच.

आता राहिलेलं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहायला जमतंय. माप चेपलेलं दिसलं तेव्हा तू विचारलं होतंस, "माप कोनाच्या हातनं पडलं?" दादानं नाही म्हणून मान हलवली, मीही हलवली. माझ्या हातून ते पडलं नव्हतंच, म्हणून मी खोटं बोलले नाही असं मी बरीच वर्षं धरून चालले. मी माप पालथं घालून त्यावर उभी राहिले होते. फळीवरच्या रेडिओच्या मागे जाळी होती ना, तिच्यातून आत बघायचं होतं, कोण बोलतंय ते. पायाखाली ढब असं झालं आणि मी उतरले. आत कोणी दिसलं नाही.

तू जाईपर्यंत चार वर्षं मुठी घातल्यास आणि मी समोर बसून मोजत राहिले. मीच बसवलं, आत्या. सांगितलं. आता हातोडी घेते.