चौथा आकडा

ता. ५
ती. मामास, साष्टांग नमस्कार.
लॅबचा राउटर कॉम्प्युटरांना नेटवरचे पत्ते आपणहून वाटेनासा झाला, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड लिहून माझ्या कॉम्प्युटरचा पत्ता हाताने घातला. पहिले तीन आकडे तुमचे, चौथा माझ्या मनाचा, ४३. दोन रिपोर्ट गेले आणि लाइन पडली. पलीकडच्या खोलीत दादाचं मात्र सुरळीत. तोच माझी वायर ओढतो, दुसरं काय? आईच्या माघारी लॅब वाटून घ्यायची घाई त्यालाच. सोमवारी गवंडी येतोय, मधोमध भिंत घालायला. फोन करू नका, त्याचे कान इकडेच असतात.
तुमची भाची

ता. ६
ती. मामा, सा. न.
तुमच्या सांगण्याप्रमाणे माझ्या कॉम्प्युटरला पत्ता घातला. शेवटी ४३ लिहिलं. का, ते तुम्हाला सांगायला नको. लाइन येते न येते तोच जाते, आणि नेमकं तेव्हाच धाकटीचं सुरू होतं. काल एका बाईंचा साखरेचा रिपोर्ट अडकला, डॉक्टरांनी मलाच फैलावर घेतलं. ही मुद्दाम करते. होऊ दे भिंत, कटकट मिटेल. तुम्ही मध्ये पडू नका.
भाचा

ता. ८
चि. दोघांस, एकाच पाकिटातून आशीर्वाद.
कुणी कुणाची वायर ओढत नाही. एका आळीत दोन घरांना एकच नंबर दिला तर टपालवाल्याने काय करावं? कधी इथे टाकील, कधी तिथे. बाळांनो, तुम्ही दोघांनीही ४३ घातलाय.
लक्षात राहील असा आकडा घ्या म्हटलं, तर दोघांना माझ्या बहिणीची हॉस्पिटलातली ४३ नंबरची खाटच आठवली. आलटूनपालटून बसलात तिथे. एक उठला की दुसऱ्याने टेकायचं, जाताना त्याच्यासाठी डबा झाकून ठेवायचा. तेव्हा कुठे होती भिंत?
आता कामाचं. एकाला ४३ सोडावा लागेल. कुणी, ते मी सांगणार नाही. मी आपला पडत-धडपडत वायरी जोडायला शिकलो, भाचरं तोडायला नाही. दोघं एका मशीनसमोर बसा. आधी जुना पत्ता काढा, मग नवा घाला. सोमवारच्या आत करा. विटा चढल्यावर माझी विद्या चालायची नाही.
रागावलात तर दोघं मिळून रागवा, तेवढंही पुरे.
मामा

ता. ११, सोमवार
ती. मामास, दोघांचा नमस्कार.
बसलो. दादा म्हणाला तू ठेव, मी म्हटलं तू ठेव, त्यावरूनही भांडलो. शेवटी त्याने ४२ घेतला, मी ४४, आणि ४३ प्रिंटरला दिला. आता दोघांचे रिपोर्ट तिथूनच निघतात.
सकाळी गवंडी आला. प्रिंटर भिंतीच्या कुठल्या बाजूला राहणार, असं त्याने विचारलं. दादाने त्याला चहा पाजून परत पाठवलं.
लोभ आहेच, तो दोघांवर मिळून करा.
भाची