आर्यनच्या नावाच्या कुप्या

२२ सप्टेंबर
आज पनवेलला रुजू झाले. पुण्याहून निघताना सगळ्यांनी इथल्या घामाची भीती घातली होती आणि काम मिळालं ते थेट गोठवण्याच्या खोलीत! नवजात बाळाच्या नाळेतून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी काढायच्या, वाढवायच्या, गोठवणाऱ्या द्रवात घालून कुप्या साठवायच्या. पुढे त्यांचं अस्तर लावून बारीक नळी बनते, त्याच बाळाच्या हृदयाला जोडायला. सत्यजीत सरांनी बजावलं की हा द्रव थंडीत पेशींना वाचवतो आणि उबेत मारतो, तेव्हा कुपी लगेच थंडीत गेली पाहिजे. जवळच्या कोन गावात खोली मिळाली. घरमालकीण गप्पिष्ट आहे, मीही काही कमी नाही. जमेल आमचं.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. सूक्ष्मदर्शकाला झेंडूचा हार, गोठवण्याच्या टाकीला हळदकुंकू. बाळाची नाळ आमच्याकडे ठेवलेल्या मनिषाताईंच्या आर्यनच्या पेशी मी नुकत्याच द्रवात मिसळल्या होत्या. त्याच्या हृदयाची एक वाहिनी जन्मतःच अरुंद आहे. तेवढ्यात आरतीची हाक आली. नवी मुलगी आरतीला नाही, बरं दिसतं का? कुप्या टेबलावर ठेवून गेले. आरती, प्रसाद, मग फोटो. परत आले तर कुप्या कोमट लागल्या. घाईघाईनं गोठवल्या आणि कुणाला बोलले नाही.

९ ऑक्टोबर
एक कुपी गुपचूप वितळवून तपासली. एकही पेशी जिवंत नाही. आणि नाळ एकदाच मिळते.
सरांकडे जायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून गेले नाही. जासईच्या शांतीबाईंचं बाळ जन्मतःच गेलं, तेव्हा त्यांनी नाळ संशोधनाला दिली होती. मी त्या पेशींच्या कुप्यांवर आर्यनचं नाव चिकटवलं. परक्या पेशी बाळाचं शरीर झिडकारू शकतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. लाज वाटते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
नळीसाठी आर्यनच्या नावाच्या त्या कुप्या वितळवल्या. पेशी ठणठणीत.

३ डिसेंबर
इतक्या जोमानं वाढणाऱ्या पेशी सरांनी पाहिल्या नव्हत्या म्हणे. दुपारी मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पूर्ण थर उचलला जात होता, बसत होता, पुन्हा उचलला जात होता. अस्तराच्या पेशी धडधडत नाहीत. सरांना बोलावलं. सगळं स्थिर. जेवत जा वेळेवर, म्हणाले.

५ डिसेंबर
शांतीबाई आल्या होत्या. पदर छातीशी घट्ट धरलेला. बाल जाऊन सा महिनं झालं, दूध कवाच आटलं व्हतं, पन गेल्या गुरवारपासून परत आलंय, म्हणाल्या. डॉक्टरला काय समजत नाय. मग हळूच विचारलं, माजं बाल हितं हाय काय?
नाही, म्हटलं मी. पदर भिजलेला होता. त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत.

१६ डिसेंबर
उद्या ऑपरेशन. आज सांगायचंच म्हणून मनिषाताईंकडे गेले. मनिषाताईंनी मिठीच मारली. तुझ्यामुळे माझं बाळ जगणार, म्हणाल्या. मी— नाही सांगितलं. नाही जमलं.

१७ डिसेंबर
नळी बसली. उत्तम, म्हणे. सरांनी पेढे वाटले. माझा मी कागदात गुंडाळून ठेवला.

२३ डिसेंबर
आर्यन आईचं दूध घेत नाही. तिनं जवळ घेतलं की तोंड फिरवतो. रडत नाही. दाराकडे बघत राहतो. मी केलं हे. मीच.

२४ डिसेंबर
हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय. शांतीबाई इथे आल्यात. पत्ता मी दिला नाही. हाक आयकली, म्हणतात. मनिषाताई इतक्या दमल्यात— बाळ दिलं शांतीबाईंच्या हातात—
पितंय. घटाघटा. मनिषाताई रडताहेत, हसताहेत, हात जोडताहेत—
शांतीबाई उठल्या. बाळाला घेऊन दाराकडे— मनिषाताईंनी हात पुढे केला, तर ते किंचाळलं—
मला विचारताहेत, अगं आभा, कोण ही बाई? सांगते. आता सांगते. मनिषाताई, ती त्याची—