उजेडात बघायचा रंग

शनिवार, मुलुंड

आज मॉलमध्ये लाज गेली. आईच्या मोरपंखी साडीवर ब्लाउजपीस शोधत होते. रंग बघायला कापड घेऊन सवयीने सरळ दाराबाहेर! भोंगा वाजला. गार्ड म्हणाला, "मॅडम, बिल?" मी म्हटलं, "अहो, उजेडात बघतेय फक्त." त्याला कळेचना.

स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरचे काका स्वतःच कापड फुटपाथवर न्यायचे. "ताई, ट्यूबलाइटवर विश्वास नका ठेवू."

शेवटी ओशाळून तेच घेतलं. घरी येऊन खिडकीतल्या उजेडात धरलं. हिरवं आहे. नुसतं हिरवं.

चडफडत बसलेय, पण कोणावर? काकांच्या दुकानाला टाळं लागलं, त्याआधी दोन वर्षं मी तिथे फिरकले तरी होते का? आणि परवा ते बाजारात भेटले तेव्हा मीच विचारलं, "काका, दुकान का हो बंद केलंत?"