पाठ केलेली ओळ

आई,

सोमवारी कंपनीत डोळे तपासायला आले होते आणि मी खोटं बोलले, म्हणून तुला लिहिते आहे. उजव्या डोळ्यानं तक्त्याची शेवटची ओळ वाचली, ती खरी. मग उजवा झाकून डाव्यानं वाचायला सांगितलं, तर प्रत्येक अक्षराच्या खांद्याला खेटून दुसरं फिकट अक्षर उभं. कुठलं खरं ते कळेना. मी मघाची ओळच घडाघडा म्हणून टाकली. तपासणारी बाई खूश. "सूपर, मॅडम! ह्या वयात!" म्हणाली आणि दोन्ही डोळे उत्तम असं लिहून मोकळी झाली. मी थँक्यू म्हणाले. थँक्यू म्हणायची काय गरज होती?

तू गेलीस तेव्हा माझ्या नाकावर तो जाड चष्मा होता. आता नाही. मागच्या वर्षी मोतीबिंदू निघाला, तर लेक म्हणाली, आई, काढतेच आहेस तर चष्माही सुटेल असं भिंग बसवून घे, अर्ध्या तासाचं काम. मी सगळं वाचून, चार प्रश्न विचारून, सही करून बसवलं. कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. चष्मा गेला. त्याच्या बदल्यात उजव्या डोळ्यात दिव्यांभोवती वर्तुळं आली आणि डाव्यात प्रत्येक रेघेला सावली. संध्याकाळी घराजवळ, चामराजपेटच्या रस्त्यावर समोरून येणारी रिक्षा एक की दोन, हे ती जवळ आल्यावर ठरतं. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट छान आहे, मेंदूला सवय होईल, सहा महिने द्या. सहा झाले. मग म्हणाले, आणखी सहा द्या. मी घरातले दिवे तीनदा बदलले. आत्ताही लिहिताना एक डोळा मिटते, मग दुसरा, मग उठून खुर्ची खिडकीकडे करते, मग परत वळवते. स्वस्थ बसवत नाही. दिसत नाही असं नाही ना, दिसतं! दिसतं त्यावर विश्वास ठेवता येत नाही, एवढंच.

आणि माझं कामच ते. आनेकल गावाच्या पुढं आमचा कारखाना, बसच्या ब्रेकला लागणाऱ्या पिना करतो. तयार पिन दिव्याखाली फिरवून बघायची. मानेपाशी केसाएवढी चीर असली तर ती बाद. ट्रे चांगला असला की कार्डावर शिक्का. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा, नंबराचा. माझा सतरा. सव्वीस वर्षं सतरा नंबर बघितला की पुढचा माणूस ट्रे पुन्हा उघडत नाही. चकचकीत पोलादावर दिव्याची वर्तुळं पडली की चीर त्यात बुडून जाते, हे मला ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी हातानं चाचपायला लागले, पिन नखावर घासून बघायला लागले, आणि मनाला सांगितलं की जमतं.

तुझी ती दुपार ह्या आठवड्यात सारखी येते. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तुझ्या घड्याळांच्या कारखान्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर, तू खिडकीपाशी तांदूळ निवडते आहेस, आणि दोन दिवस भातात खडे लागताहेत हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. बारा वर्षं तू डोळ्याला भिंग लावून घड्याळांची चाकं बसवलीस. पुढच्या आठवड्यात तुमची वर्षाची डोळे-तपासणी. तू ताटावरून मान वर न करता, तुझ्या त्या कानडी 'स्वल्प'सकट म्हणालीस, "दवाखान्यात तो तक्ता टांगलाय बघ. स्वल्प जाऊन शेवटच्या दोन ओळी उतरून आण की. मी पाठ करते."

मी म्हणाले, "मी असलं काही करणार नाही."

"दोन ओळीच की गं."

"उद्या लोक तुझ्या घड्याळावर गाडी पकडतील. खोटं बोलून चाकं बसवतेस?"

तू ताट बाजूला ठेवलंस. "बसवते कुठं? बसतच नाहीत आता," म्हणालीस आणि हसलीस. मी हसले नाही. "तुला काय, कॉलेजात जातेस. पण डोळे माझेच घेतलेस, लक्षात ठेव," असं म्हणून तू कुकर लावायला उठलीस. पुढच्या आठवड्यात तू तपासणीत नापास झालीस आणि तुला पॅकिंगला घातलं. बाकीच्या बायका भिंग लावून बसायच्या त्या हॉलमधून तुला रोज घड्याळांचे रिकामे डबे घेऊन जावं लागे. मी पास झाले तेव्हा तू मला घड्याळ दिलंस. म्हणालीस, "हे मी बसवलेलं नाही हं. नुसतं डब्यात घातलंय." मी तेव्हा ते विनोद म्हणून घेतलं.

तर, गुरुवारी. माझ्याबरोबर काम करणारी एकजण आहे, आनेकलचीच, चाळिशीची, दोन मुलांची आई, बोलायला फटकळ. तिच्याशी माझं कन्नडातच चालतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं एक पिन माझ्या डब्याशेजारी ठेवली. "अक्का, हात लावून बघा."

नख अडकलं. चीर होती. "कुठल्या ट्रेमधली?" मी खडसावून विचारलं. "कुणी पास केली?"

ती चपातीचा तुकडा मोडत राहिली. "सतरा नंबर."

मी पिन पुन्हा नखावर घासली. ती म्हणाली, "तीन आठवडे तुमचे ट्रे मी परत बघते आहे. पाच पिना निघाल्या. कुणाला बोलले नाही. पण अक्का, माझी सोमवारपासून शिफ्ट बदलते. मग कोण बघणार?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? तुम्हाला कोण सांगणार, अक्का? परवा चहा सांडला म्हणून तुम्ही त्या फिटरला काय काय बोललात!" असं म्हणून तिनं मला लोणचं वाढलं.

आई, मला वाटलं होतं मी एकटीनं सांभाळते आहे. माझी नोकरी ती बाई न विचारता, स्वतःच्या जेवणाच्या वेळात करत होती. आणि तीन आठवड्यांच्या आधीचे महिने कुणीच बघितलेले नाहीत. त्यातल्या पिना कुठल्या बसमध्ये गेल्या ते मला माहीत नाही. माझी स्वतःची बस सकाळी सिग्नलला थांबते तेव्हा मी पायाखालची फळी ब्रेकसारखी दाबून धरते, वेडीसारखी.

काल साहेबांना सांगितलं. तपासणीत काय केलं तेही. ते म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तर नॉर्मल आहे, कशाला वाढवता?" मी म्हणाले, "वाढवणार." नोकरी बहुतेक राहील, ऑफिसात कागदांवर बसवतील. मला ते नको आहे. पण तूही पॅकिंगला गेलीसच.

तुला ओळी आणून दिल्या असत्या तर ते चूकच झालं असतं, हे मी आजही म्हणेन. पण तू लबाड नव्हतीस, घाबरली होतीस, आणि ते मला त्या दुपारीही दिसत होतं. दिसूनही मी त्याच फटकारणाऱ्या सुरात बोलले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एवढं लिहून ठेवायला हरकत नाही.

आज शनिवारी सकाळी साहेबांकडे जमा केलं ते असं: सतरा नंबरचा शिक्का एक, शाईच्या पॅडसह. पिनांची मापं तपासायची गेजं दोन. कपाटाच्या किल्ल्या दोन. ऑपरेशननंतर माझ्या शिक्क्यानं बाहेर गेलेल्या ट्रेंची यादी, पानं चार, परत मागवण्यासाठी. यादी आनेकलच्या बाईच्या अक्षरात आहे, सही माझी. सही करण्याआधी मी तिला वाचून दाखव म्हणाले, तर तिनं ती खात्याच्या मधोमध उभं राहून, मशीनच्या आवाजावर आवाज काढून वाचली. हळू वाच असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.