शालूच्या लेसांचे निळे छाप

४ जानेवारी
शाळेतलं आठवलं. मी आठवीत, शालू सहावीत. ठाण्याच्या कॉन्व्हेंटचा व्हरांडा, दोघी बहिणी एकाच रिळावरून क्रोशा विणतोय. बोलायचं नाही अशी सिस्टरची ताकीद. म्हणून शालू दोऱ्याला हिसका द्यायची. एक म्हणजे ‘डबा उघड’. दोन म्हणजे ‘सिस्टर आल्या’.

आज तिच्या लेसचा पहिला सायनोटाइप काढला. लेक नीता कळव्याहून आली तेव्हा दोन पावडरी देऊन गेली होती. पाण्यात कालवायच्या, कागदाला लावायच्या, पडदे ओढून सुकवायचं. वर लेस, त्यावर काच, बाल्कनीत ऊन दहा मिनिटं. मग नळाखाली धरायचं. निळ्यावर पांढरी लेस, टाका न् टाका. शालू जाऊन चार वर्षं झाली, आणि तिचा हात असा...

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छापच द्यायचे. ठरलं.

७ जाने.
शालूच्या लेसा ठेवते त्या डब्यात सहा लेसा होत्या. पाच आहेत. गुलाबाचा रुमाल नाही.
घरात आम्ही तिघंच. हे, मी, आणि दिवाळीपासून राहायला आलेल्या मोठ्या जाऊबाई, कुंदाताई. सहज विचारल्यासारखं विचारलं.
“अगं, तुझी ती मच्छरदाणी घेऊन मी काय करू?” म्हणाल्या. हसल्या. ते हसणं मला नाही आवडलं.

९ जाने.
कुंदाताई दुपारी माझ्या खोलीतून बाहेर आल्या. “कॅलेंडर बघायला गेलेले, एकादशी कधी आहे ते.” कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे. दोन महिने तिथेच बघतात.
हे म्हणाले, “डब्याला कुलूप लाव आणि त्या बिचारीचा पिच्छा सोड.” कुलूप लावलं की सावध होतील. नको.

११ जाने.
संध्याकाळी एक केलं. रसायन लावलेला कोरा कागद डब्यात लेसांवर ठेवला, झाकण लावलं. अंधारात तो तसाच राहील. कुणी उजेडात डबा उघडून बसलं, की कागदच चुगली करेल. ह्यांनाही सांगितलं नाही. सिस्टरनी गुडघ्यांवर बसवलं असतं मला.

१२ जाने.
दिवेलागणीला पडदे ओढून डबा उघडला. लेसा पाचही आहेत. कागद करडा पडलेला. धुतला.
गडद निळा. मधोमध पांढरा चष्मा.
म्हणजे कुणीतरी डबा बाल्कनीत नेला, कागद बाजूला काढला, उडू नये म्हणून वर चष्मा ठेवला आणि बराच वेळ लेसा बघत बसलं.
कुंदाताईंच्या चष्म्याला दोरी आहे. छापात दोरी नाही. ह्यांच्या काचा चौकोनी. छापातल्या गोल. एक दांडी बाहेर वाकलेली.
चष्मा माझा आहे.

१३ जाने. भोगी
कालची दुपार आठवून बघतेय. जेवणं झाली, ओटा पुसला. मग एकदम चहा. मधलं काही नाही. झोपले असणार. झोपले असेन तर चष्मा उशाशी होता, कुणीही उचलला असेल. कुंदाताई घालतात कधीकधी, “तुझ्यातून बारीक अक्षर छान दिसतं गं.”
भोगीची भाजी निवडताना मुद्दाम विचारलं, “काल दुपारी मी काय करत होते हो?”
“झोपली होतीस की,” मान वर न करता म्हणाल्या. फार पटकन.
खोटं बोलल्या? की माझी कीव आली त्यांना?
हे पेपरामागे. पान काही उलटलं नाही.

१४ जाने. संक्रांत
नीता, हे तुझ्यासाठी. आज सगळं लख्ख आठवतंय म्हणून आजच लिहिते.

छाप वाणात. येईल तिला एकेक. खऱ्या लेसा वाणात द्यायच्या नाहीत.
तोरण तुला.
अभ्र्यांच्या दोन्ही लेसा कोपरीला, शालूच्या सुनेला. धुताना पिळू नकोस म्हणावं.
ताटावरचा रुमाल बाबांना. मागणार नाहीत, तरी दे.
टेबलावरचा गोल कुंदाताईंना. तो मीच देईन, जमलं तर उद्याच.
चष्म्याचा छाप कुणाला दाखवायचा नाही.
गुलाबाचा रुमाल ज्याच्याकडे सापडेल त्याच्याकडेच राहू दे, काही विचारू नकोस. माझ्याच कपाटात सापडला, तर मला सांगू नकोस.